कॅमेऱ्यातल्या उजेडाचा हिशेब



व्याख्यानमालेच्या पत्रिकेवर माझे नाव आणि त्याच्यापुढे हा विषय पाहून छापखान्याची काहीतरी चूक झाली असावी, असे आपल्यापैकी पुष्कळांना वाटले असेल. मी कामगार संघटनेत काम करणारा माणूस. बोनस, कंत्राटी पद्धत, किमान वेतन यांवर मी बोलावे अशी लोकांची अपेक्षा असते, आणि चिटणिसांनीही प्रथम तेच सुचविले होते. पण गेली काही वर्षे मी डिजिटल कॅमेऱ्याच्या नादी लागलो आहे. हा नाद हौसेने लागलेला नाही. एका फसलेल्या फोटोने तो लावला. तेव्हा आधी त्या फोटोची हकीगत सांगतो.

पत्र्याचे डबे करणारा एक कारखाना होता. तेथील पॉवर प्रेसवर आमच्या एका सभासदाची दोन बोटे गेली. त्या प्रेसला गार्ड, म्हणजे हात आत जाऊ नये म्हणून लावायची जाळी, नव्हती. त्या वेळी लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या २१ व्या कलमाप्रमाणे यंत्राचे धोकादायक भाग बंदिस्त ठेवणे मालकावर बंधनकारक होते. मालकपक्षाने पवित्रा घेतला की, गार्ड होताच. कामगाराने काम भरभर उरकण्यासाठी तो स्वतःच काढला. आता गंमत पाहा. गार्ड ज्या चार बोल्टांवर बसवायचा, त्यांची भोके यंत्राच्या सांगाड्यावर होती, आणि त्या भोकांत हिरवा रंग साचून वाळलेला होता. यंत्राला रंग दिला त्या दिवसापासून त्या भोकांत एकही बोल्ट गेलेला नव्हता, याचा ह्याहून मोठा पुरावा कोणता हवा?

मी दुसऱ्या दिवशी आत गेलो, एका मित्राचा चांगला कॅमेरा मागून घेऊन. डब्याएवढे जाड भिंग, वर किमतीचा दरारा. मी चकती 'ऑटो'वर ठेवली, नेम धरला, बटण दाबले. तिसऱ्या दिवशी त्या भोकांवर नवा कोरा गार्ड बसला. आता सारी मदार माझ्या फोटोवर. संगणकावर तो मोठा करून पाहिला, तेव्हा प्रेसची दांडी अशी लखलखीत आली होती की तिच्यावरचे ओरखडे मोजावेत. आणि तिच्यामागे वीतभर अंतरावर असलेली ती भोके म्हणजे नुसते काळपट ठिपके. सुनावणीच्या वेळी समोरचे गृहस्थ शांतपणे म्हणाले, "साहेब, हे तेलाचे डाग दिसतात." मला उत्तर देता आले नाही. कारण फोटोत ते खरोखरच तेलाचे डाग दिसत होते.

हे असे का झाले, याचा छडा लावता लावता मी जे शिकलो, तेवढेच आज आपल्यापुढे मांडणार आहे. माझ्याजवळ पदवी नाही. वाचनालयातली पुस्तके, एका वयस्क स्टुडिओवाल्याची शिकवणी आणि स्वतःच्या चुका एवढेच माझे विद्यापीठ. त्या स्टुडिओवाल्यांनी पहिल्याच दिवशी मला विचारले, "भाऊ, फोटो तुम्ही काढलात की कॅमेऱ्याने?" मला तेव्हा राग आला होता.

कॅमेरा म्हणजे काय? काळोखी पेटी. तिच्या एका भिंतीला भिंग, समोरच्या भिंतीवर पूर्वी फिल्म असे, आता सेन्सर असतो. सेन्सर म्हणजे उजेड झेलून त्याची वीज करणाऱ्या लक्षावधी सूक्ष्म घरांची पाटी. १९७५ साली कोडॅक कंपनीतील स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनिअरने पहिला डिजिटल कॅमेरा जुळविला, तेव्हा त्याच्या चित्रात अशी घरे होती शंभर गुणिले शंभर, म्हणजे दहा हजार, आणि एक चित्र कॅसेटवर उतरायला तेवीस सेकंद लागत. आज आपल्या खिशातल्या फोनमध्ये कोट्यवधी घरे असतात. पण घरे वाढली तरी हिशेब तोच राहिला आहे : आत किती उजेड घ्यायचा? यालाच एक्स्पोजर म्हणतात.

हा उजेड ठरविणारी कळ एक नाही, दोन आहेत. एक, भिंगातले छिद्र किती उघडायचे; दुसरी, पडदा किती वेळ उघडा ठेवायचा. दहा माणसांनी चार तास काम केले काय किंवा पाच माणसांनी आठ तास केले काय, माणूसतास चाळीसच भरतात. त्याचप्रमाणे मोठे छिद्र थोडा वेळ आणि लहान छिद्र जास्त वेळ, यांतून आत येणारा उजेड सारखाच. आता तिसरी कळ, आयएसओ. ती आत येणारा उजेड वाढवीत नाही. आलेल्या उजेडातून जास्त माल काढते. गिरणीत याला आम्ही काय म्हणतो? माणसे तेवढीच, वेळ तेवढाच, पट्ट्याचा वेग मात्र वाढविला! माल निघतो, पण खराबाही निघतो. फोटोत हा खराबा रव्यासारख्या दाण्यांच्या रूपाने दिसतो. काटेकोर बोलायचे तर दाणे आयएसओमुळे येत नाहीत, उजेड अपुरा पडला म्हणून येतात. आयएसओ ते उघडे पाडतो एवढेच. म्हणून अंधारात आयएसओ वाढवावयास भिऊ नये. दाणेदार फोटो वाचता येतो. हललेला वाचता येत नाही.

छिद्राचे आकडे नवशिक्याला चक्रावून टाकतात : एफ २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६. आकडा वाढतो तसे छिद्र लहान होते. हे उफराटे का? कारण तो भागाकार आहे. भिंगाची फोकल लांबी भागिले छिद्राचा व्यास. पन्नास मिलिमीटरच्या भिंगाचे छिद्र पंचवीस मिलिमीटरचे असेल तर एफ २. साधारण तीन मिलिमीटरचे असेल तर एफ १६. आणि या रांगेत एक पायरी पुढे गेले की उजेड निम्मा होतो. पडद्याचेही तसेच : १/६० सेकंदावरून १/१२५ वर गेलात की उजेड निम्मा. आयएसओ १०० वरून २०० केलात की दुप्पट. तिन्ही कळांची पायरी एकाच मापाची ठेवली आहे, म्हणून इकडची पायरी तिकडे टाकून तोल साधता येतो. ज्याने ही योजना बसविली त्याला हिशेबाची जाण होती खास.

आता आपले डोळे आपल्याला किती फसवितात ते पाहा. भर उन्हात आयएसओ १०० ला एफ १६ आणि १/१२५ सेकंद, हे जुन्या छायाचित्रकारांचे पाठ असलेले माप. आता कारखान्याच्या दारातून बऱ्यापैकी उजेडाच्या खात्यात पाऊल टाका. तेथे माप येते आयएसओ १०० ला एफ ४ आणि १/८ सेकंद. पायऱ्या मोजा : आठ भरतात. आठ वेळा निम्मे, म्हणजे उजेड २५६ पटींनी घटला! आपल्याला मात्र 'जरा अंधार आहे' एवढेच वाटते, कारण डोळ्याची बाहुली आणि मेंदू मिळून निमूटपणे सावरून घेतात. कॅमेऱ्याला असे सावरून घेण्यासाठी काहीतरी गहाण टाकावे लागते. काय गहाण टाकायचे, हे तुम्ही सांगितले नाहीत तर तो आपल्या मनाने ठरवितो. माझ्या कॅमेऱ्याने भिंगाचे तोंड एफ १.८ पर्यंत उघडले आणि माझी चार भोके गहाण टाकली.

ती कशी, हे समजण्यासाठी आपण येथेच एक प्रयोग करू. सभागृहात चष्मेवाले पुष्कळ दिसतात. त्यांनी कृपा करून चष्मा काढावा. माझ्यामागच्या फलकावरची अक्षरे आता पुसट झाली ना? आता मूठ वळा, तिच्यात टाचणी जाईल एवढेच भोक ठेवा, आणि त्यातून एका डोळ्याने पाहा. ... हं! पुढच्या रांगेतल्या आजोबांच्या चेहऱ्यावरूनच कळले. अक्षरे काळपट दिसतात, पण वाचता येतात. तुमच्या डोळ्याचे भिंग बदलले नाही. फक्त छिद्र लहान झाले. वस्तूच्या एका बिंदूपासून निघालेले किरण भिंगातून जाऊन पुन्हा एका बिंदूत मिळतात, ते फक्त जेथे फोकस केला आहे त्याच अंतरासाठी. त्याच्या पुढच्या-मागच्या वस्तूचे किरण सेन्सरवर बिंदूऐवजी चकती उमटवितात. छिद्र मोठे तर किरणांचा शंकू रुंद आणि चकती मोठी. छिद्र लहान तर शंकू अरुंद आणि चकती इतकी बारीक की डोळा तिला बिंदूच समजतो. फोकसच्या अलीकडे-पलीकडे जेवढा पट्टा असा स्पष्ट दिसतो, त्याला स्पष्टतेची खोली म्हणायचे. इंग्रजी नाव डेप्थ ऑफ फील्ड.

आकडे देतो, म्हणजे हे हवेत राहणार नाही. जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर, पन्नास मिलिमीटरचे भिंग, आणि फोकस तीन मीटरवरच्या माणसावर. एफ २ ला स्पष्ट पट्टा सुमारे २.८ मीटरपासून ३.२ मीटरपर्यंत, म्हणजे हातभरही नाही. एफ ८ ला २.३ पासून ४.२ पर्यंत. एफ १६ ला १.९ पासून जवळजवळ ७ मीटरपर्यंत. भिंग तेच, माणूस तोच, उभे राहण्याची जागाही तीच. पण जवळ गेलात की खोली झपाट्याने आटते : एफ ८ ठेवूनच एक मीटरवर गेलात तर पट्टा उरतो जेमतेम अठरा-एकोणीस सेंटिमीटरांचा. माझी प्रेस दीड मीटरवर होती आणि सेन्सर या मापाहून लहान. त्याचा हिशेब मी नंतर मांडला. एफ १.८ ला स्पष्ट पट्टा साडेसहा सेंटिमीटर, म्हणजे चार बोटे. भोके होती वीतभर मागे. एफ ११ ठेवले असते तर पट्टा १.३३ मीटरपासून १.७३ मीटरपर्यंत गेला असता आणि भोके त्यात काठावर का होईना बसली असती. आणि फोकस दांडीवर न धरता भोकांवरच धरला असता तर काठाचाही प्रश्न नव्हता! हे मात्र ध्यानात ठेवा की 'स्पष्ट' हा शब्द येथे तडजोडीचा आहे. बेताच्या आकाराचा छापील फोटो हातात धरून पाहणारा डोळा गृहीत धरून हे कोष्टक बसविले आहे. पुरावा तपासणारा माणूस मात्र पडद्यावर दसपट मोठा करून पाहतो. म्हणून कागदावरच्या हिशेबाहून एक पायरी जास्तच घ्यावी.

मग छिद्र नेहमी अगदी बारीकच का ठेवू नये? कारण फार बारीक छिद्राच्या कडेवरून उजेड वळतो, पसरतो, आणि सारेच चित्र किंचित मऊ पडते. एफ ११, फार तर १६, यापलीकडे छोट्या सेन्सरवर सहसा जाऊ नये. अमेरिकेत १९३२ साली अँसेल अॅडम्स, एडवर्ड वेस्टन वगैरे मंडळींनी आपल्या गटाला 'एफ ६४' असे नाव दिले होते. पण त्यांचे कॅमेरे पेटाऱ्याएवढे, फिल्म तळहाताहून मोठी. त्यांना ते परवडत होते. याच्या उलट आपले फोन. त्यांचे भिंग काही मिलिमीटर फोकल लांबीचे, म्हणून एफ १.८ लाही बहुतेक सगळे स्पष्ट येते. फोनमध्ये चेहऱ्यामागचे जग जे धूसर होते, ते बहुतेक वेळा भिंगाने केलेले नसते, गणिताने केलेले असते. कानाची पाळी किंवा चष्म्याची काडी पुसली गेलेली पाहिलीत की समजावे. पुराव्याचा फोटो फोनने काढणार असाल तर ती सोय बंद ठेवा.

उजेडाच्या मापाबद्दलही दोन शब्द सांगतो. कॅमेऱ्यात मीटर असतो, पण तो भोळा आहे. समोरचे जग सरासरीने मध्यम करड्या रंगाचे आहे, असे तो धरून चालतो. पांढऱ्या टोप्यांची सभा त्याच्यापुढे धरा. तो म्हणतो, उजेड फार झाला, आणि मापाला कात्री लावतो. टोप्या राखाडी होतात, आणि टोप्यांखालचे उन्हातान्हात रापलेले चेहरे काळोखात जातात. तेथे अधिक-उणेच्या कळीने अधिक एक करावे. तेलकट काळे यंत्र समोर असेल तर उणे एक. दारात पाठमोऱ्या उजेडात उभा असलेला माणूस हा नेहमीचा बळी. चेहऱ्याजवळ जाऊन माप घ्यावे. पण डिजिटलमध्ये एक मर्यादा आहे. सेन्सरचे घर उजेडाने एकदा काठोकाठ भरले की वरचा उजेड वाया जातो. तेथे नुसता कोरा पांढरा कागद उरतो. सावलीतून मात्र पुष्कळ काही ओढून काढता येते, 'रॉ' फाइल ठेवली असेल तर अधिकच. फोटो काढल्यावर पडद्यावर जो डोंगरासारखा आलेख दिसतो, तो उजव्या भिंतीला जाऊन आपटला नाही ना, एवढे पाहिले तरी पुरे.

पडद्याच्या वेगाचे मी थोडक्यात आटोपतो, एक गोष्ट सोडून. आपली वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची, म्हणून ट्यूबलाइट आणि पुष्कळ स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतात. पडदा त्याहून जलद उघडला-मिटला तर फोटोत आडवे पट्टे येतात. खात्यात १/१०० किंवा १/५० ठेवावा. याच लुकलुकण्याने फिरता चक स्थिर असल्याचा भास होतो, आणि माणूस त्याला हात लावतो. लेथच्या खात्यातले दिवे वेगवेगळ्या फेजवर का जोडायचे, हे कळायला मला कॅमेरा लागला. वीस वर्षे त्या दिव्यांखाली सभा घेत होतो.

आता जिथे मला आजही पेच पडतो, ती गोष्ट. ल्युइस हाइन या अमेरिकन शिक्षकाने १९०८ पासून बालकामगार समितीसाठी गिरण्यांतल्या मुलांचे फोटो काढले. वेश बदलून, थापा मारून तो आत शिरे. त्याच्या कॅरोलिनातील सूतगिरणीच्या प्रसिद्ध फोटोत मुलगी स्पष्ट आहे आणि चात्यांची रांग मागे मागे पुसट होत जाते. तेथे ते पुसटपण बोलते. आपल्याकडे सुनील जाना यांनी १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाचे, आणि पुढे कामकरी माणसांचे जे फोटो काढले, त्यांत चेहराच सारे सांगतो. मग गेट-मीटिंगच्या फोटोत मी काय करावे? वक्ता स्पष्ट हवा. पण त्याच्यामागे उभी असलेली कंत्राटी पोरे ओळखू आली तर उद्या गेटवर त्यांचा पास थांबेल. पूर्वी मी एफ ११ ठेवून सगळी सभा कोरून आणीत असे, गर्दी दिसावी म्हणून. एकदा त्या फोटोवरून नावे टिपली गेली. तेव्हापासून मी छिद्र उघडे ठेवतो. पण येथेही हिशेब केला तेव्हा घाबरलो. तीन मीटरवरच्या वक्त्यावर फोकस, पन्नासचे भिंग, एफ १.८, सहा मीटरवरच्या माणसाचा चेहरा धूसर होतो खरा, पण धुराची चकती चेहऱ्याच्या आठव्या हिश्शाएवढीच. अनोळखी माणूस ओळखणार नाही. रोज हजेरी घेणारा सुपरवायझर खांद्याच्या ठेवणीवरून ओळखील. म्हणून आता मी गर्दीच्या मागून फोटो काढतो, आणि समोरून काढायचा तर आधी विचारतो. धूसरपणावर कोणाची रोजी टांगून ठेवू नये.

आणखी एक. प्रत्येक फाइलच्या पोटात छिद्र, पडदा, आयएसओ, तारीख, वेळ सारे लिहिलेले असते. फोनमध्ये बहुधा जागाही. पुराव्याला हे उपयोगी, म्हणून कॅमेऱ्याचे घड्याळ बरोबर लावा. सभेच्या फोटोला हेच घातक, म्हणून बाहेर देण्यापूर्वी ते काढून टाका.

दोनएक वर्षांनी दुसऱ्या एका कारखान्यात तसाच प्रसंग आला. या वेळी कॅमेरा माझा होता, जुना, हप्त्याने घेतलेला. जेवणाची सुट्टी होईपर्यंत मी थांबलो, कारण शेजारच्या प्रेसच्या दणक्याने जमीन हादरते. तिपाई नव्हती, स्टुलावर कॅमेरा ठेवला, खाली चिंधी घातली. चकती 'ऑटो'वरून काढून 'ए'वर आणली, काही कॅमेऱ्यांवर तिला 'एव्ही' म्हणतात. एफ ११, आयएसओ १००. मीटरने पडदा दिला एक पूर्ण सेकंद. यंत्र थांबलेले, मग एक सेकंद असेना का! फोकस हाताने फिरवून भोकांवर आणला, भोकांशेजारी पोलादी फूटपट्टी टेकविली, दोन सेकंदांचा टायमर लावला, आणि हात मागे बांधून उभा राहिलो. मग पायरी-पायरी बदलून आणखी चार काढले.

पाहणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी तो फोटो पडद्यावर मोठा केला, आणखी मोठा केला. रंगाचा वाळलेला पापुद्रा भोकाच्या कडेशी दुमडलेला होता, तोही दिसला. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "भोके चार असतात ना? येथे तीनच दिसतात."

चौथे माझ्या फूटपट्टीखाली गेले होते. पण तीन पुरली.

कॅमेरा या टेबलावर ठेवला आहे. व्याख्यान संपल्यावर ज्यांना चकती फिरवून पाहावयाची असेल त्यांनी यावे. भिंगाच्या समोरून डोकावून छिद्र लहान-मोठे होताना पाहिले की माझे अर्धे बोलणे आपोआप कळेल. मुलांना पुढे येऊ द्यावे.